विश्लेषण : जमीन थरथरली, पण भूकंप की खाण? ठिकाण नेमके कसे शोधतात?

आरमोरी : ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी गडचिरोली, चंद्रपूरपासून थेट नागपूरपर्यंत जमीन हलल्याचे लोकांना जाणवले. थोड्याच वेळात राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने (एनसीएस) माहिती दिली. तीव्रता ५.३, केंद्रबिंदू तेलंगणातील मुलुगु, खोली ४० किलोमीटर. भूकंपच होता, वाद संपला.

त्याच वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नागपूर परिसरात ३, ४ आणि ५ तारखेला सलग तीन धक्के नोंदले गेले होते. तीव्रता २.५, २.४ आणि २.७. तिन्ही दुपारचे. त्या वेळी मात्र एनसीएसच्या नोंदीने वाद संपला नाही, उलट सुरू झाला. खऱ्या भूकंपाला रोज दुपारचीच वेळ कशी सापडते? खाणीतल्या सुरुंगांचा संशय लगेच व्यक्त झाला.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे. एका बाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळसा खाणी, दुसऱ्या बाजूला सुरजागडचे लोहखनिज आणि दक्षिणेला गोदावरीचे भूकंपप्रवण खोरे. हादरा कुठून आला, हे ओळखायचे कसे? आणि ते ओळखणारी यंत्रे आपल्याकडे पुरेशी आहेत का?

आरमोरीच्या पोटात कोळसा नाही, मग काळजी कशाची?

आरमोरी, वडसा हा भाग अतिप्राचीन कठीण खडकावर बसलेला आहे. कोळसा सापडतो तो गोंडवाना काळातल्या थरांत, म्हणजे वर्धा नदीच्या खोऱ्यात वणी, माजरी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर या पट्ट्यात. हेच थर पुढे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून तेलंगणात जातात. सिरोंचाजवळ वडधमला डायनासोरचे जीवाश्म सापडतात तेही याच खोऱ्यात. आरमोरी ते चंद्रपूर हे सरळ रेषेतले अंतर साधारण ९० किलोमीटर आणि उमरेडच्या खाणी ८० किलोमीटरवर. एवढ्या लांबून सुरुंगाचा हादरा माणसाला जाणवणे कठीण, पण संवेदनशील यंत्राला तो कळतो. जुना, कठीण, सलग खडक कंपने लांबवर वाहून नेतो. मुलुगुचा धक्का नागपूरला जाणवला, त्यामागे हेही एक कारण आहे.

हे खोरे भूकंपाला नवीन नाही. १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमजवळ ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला होता. म्हणजे या भागातला प्रत्येक हादरा खाणीवर ढकलता येत नाही आणि प्रत्येक हादरा 'नैसर्गिक' म्हणून सोडूनही देता येत नाही. खाण कंपनीला नैसर्गिक कारण सोयीचे असते, भिंतीला तडा गेलेल्या घरमालकाला खाणीचे. दोघांच्या मध्ये पुरावा म्हणून उभी राहू शकते ती फक्त नोंद.

खाणीमुळे जमीन हलते कशी?

खुल्या खाणीत ती सुरुंगाने हलते. भूमिगत खाणीत प्रकार वेगळा आहे. आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणी 'बोर्ड अँड पिलर' पद्धतीच्या. कोळशाच्या थरात उभे-आडवे बोगदे काढायचे आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे. वरचा डोंगराएवढा भार हे खांब पेलतात. शेवटच्या टप्प्यात हे खांबही मागे सरकत सरकत काढून घेतले जातात. याला डिपिलरिंग म्हणतात. मागे जी पोकळी उरते तिला खाणकामगार 'गोफ' म्हणतात. तिथले छत कोसळणे अपेक्षितच असते, किंबहुना ते वेळेवर कोसळावे अशीच योजना असते.

अडचण होते ती छत वेळेवर न कोसळल्यास. वर जाड, दणकट वालुकाश्म असेल तर तो बराच काळ लटकून राहतो. भार बाजूच्या खांबांवर जातो. मग एकदम मोठा तुकडा सुटतो, जमिनीला धक्का बसतो आणि पोकळीतली हवा बोगद्यांतून वादळासारखी बाहेर येते. खांब स्वतःच फुटला तर कोळसा गोळ्यासारखा उडतो.

जुने कामगार हे कानाने ओळखत. लाकडी टेकू तुटण्याआधी करकरतो आणि तो करकर म्हणजे पळण्याचा इशारा. छतावर काठीने टोकून 'पोकळ' आवाज येतो का ते मायनिंग सरदार आजही पाहतो. आता लोखंडी बोल्ट आले. ते जास्त भार घेतात, पण लाकडासारखे आधी बोलत नाहीत.

६ मार्च २०२५ रोजी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील वेकोलिच्या छतरपूर-१ या भूमिगत खाणीत छत कोसळून तिघांचा मृत्यू झाला. ही खाण नागपूर मुख्यालयाच्याच अखत्यारीतली. कोसळण्याआधी खडक आतून तडकत असतो आणि प्रत्येक तडक म्हणजे एक अतिसूक्ष्म भूकंप असतो. माणसाच्या कानाला ऐकू न येणारी ही तडतड यंत्राने ऐकणे, तिची जागा काढणे, यालाच सूक्ष्मभूकंपीय निरीक्षण म्हणतात.

ठिकाण काढतात कसे?

वीज चमकली की आपण गडगडाट होईपर्यंत आकडे मोजतो. तत्त्व तेच. खडकातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. 'पी' लहर कठीण खडकात सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने धावते, 'एस' लहर साडेतीन किलोमीटरने. दोन्ही एकाच वेळी निघतात, पण अंतर जितके जास्त तितके त्यांच्या पोहोचण्यात जास्त सेकंद पडतात. हिशेब सोपा आहे. दर एका सेकंदाच्या फरकाला सुमारे ८ किलोमीटर.

मुलुगुचा केंद्रबिंदू आरमोरीपासून सुमारे २२५ किलोमीटर. म्हणजे पी लहर इथे ३८ सेकंदांच्या आसपास पोहोचायला हवी आणि तिच्यामागून सुमारे २७ सेकंदांनी एस. चंद्रपूरच्या खाणीतल्या धक्क्यासाठी हाच फरक ११ सेकंदांच्या आसपास येईल. एका यंत्रावरून फक्त अंतर कळते, दिशा नाही. त्या अंतराच्या त्रिज्येचे वर्तुळ नकाशावर काढायचे. तीन यंत्रांची तीन वर्तुळे जिथे छेदतात, तिथे केंद्रबिंदू.

हे झाले शाळेच्या पुस्तकातले. प्रत्यक्षात चार गोष्टी माहीत नसतात. पूर्व-पश्चिम जागा, उत्तर-दक्षिण जागा, खोली आणि घटना घडल्याची नेमकी वेळ. त्यामुळे निदान चार नोंदी लागतात. संगणक एक जागा गृहीत धरतो, तिथून प्रत्येक यंत्राला लहर कधी पोहोचली असती ते काढतो, प्रत्यक्ष वेळेशी ताडतो, जागा थोडी सरकवतो, पुन्हा ताडतो. फरक कमीत कमी होईपर्यंत हेच चालते.

या गणिताची खरी मेख घड्याळात आहे. पी लहर ओळखण्यात एक दशांश सेकंदाची चूक झाली तर जागा ६०० मीटर हलू शकते. देशव्यापी भूकंपासाठी हे चालून जाते. पण खाणीत ६०० मीटर म्हणजे दुसरेच पॅनल, कदाचित दुसरीच खाण. शिवाय सगळी यंत्रे घटनेच्या एकाच बाजूला असतील तर त्रुटी आणखी वाढते. खोलीचे तर विचारूच नका. जवळ यंत्र नसेल तर खोली ठरवता येत नाही आणि मग अनेकदा ५ किंवा १० किलोमीटर असा ठराविक आकडा धरून बाकीचे गणित सोडवले जाते. त्यामुळे लहान धक्क्याच्या बातमीत '५ किमी खोल' वाचले की ती मोजलेली खोली आहे की धरलेली, हे विचारायला हवे. आपल्याकडच्या भूमिगत कोळसा खाणी काहीशे मीटर खोल असतात. पाच किलोमीटरवर कोळसा कोणी काढत नाही. पण तो आकडा गृहीत असेल तर 'खोली पाच किलोमीटर, म्हणून खाण नव्हे' हा युक्तिवाद टिकत नाही.

मुलुगुच्या ४० किलोमीटरबाबत असा घोळ नव्हता. शिवाय ऊर्जेचा हिशेबही आहे. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ५.३ आणि २.५ यांच्यात ऊर्जेचा फरक जवळपास १६ हजार पटींचा. (बातम्यांत अजून 'रिश्टर स्केल' लिहिले जाते. शास्त्रज्ञ आता नुसते 'मॅग्निट्यूड' म्हणतात.)

स्फोट, कोसळणे आणि भूकंप वेगळे कसे ओळखतात?

जागेइतकाच महत्त्वाचा असतो पहिला झटका. सुरुंग उडाला की खडक सगळीकडे बाहेर ढकलला जातो. त्यामुळे चारही दिशांच्या यंत्रांवर जमीन आधी वर जाते. पोकळी कोसळली की उलटे होते. खडक आत ओढला जातो आणि सगळीकडे जमीन आधी खाली जाते. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवर घसरतात, म्हणून काही यंत्रांवर पहिला झटका वर, काहींवर खाली दिसतो.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या युटा राज्यातले. ६ ऑगस्ट २००७ रोजी क्रँडल कॅनियन या भूमिगत कोळसा खाणीत सहा कामगार अडकले. त्याच वेळी ३.९ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. खाणमालकाचे म्हणणे होते की भूकंप झाला आणि त्यामुळे खाण कोसळली. युटा विद्यापीठाच्या भूकंपतज्ज्ञांनी नोंदी तपासल्या. पहिला झटका सर्वत्र खाली जाणारा होता. म्हणजे भूकंपाने खाण पाडली नव्हती. खाण कोसळली तोच तो 'भूकंप' होता.

दहा दिवसांनी, १६ ऑगस्टला, बचावकार्य सुरू असताना खांब पुन्हा फुटले आणि तीन बचावकर्ते मरण पावले. या दुसऱ्या घटनेची जागा नेमकी माहीत होती. तिच्याशी ताडून तज्ज्ञांनी ६ तारखेच्या धक्क्याची जागा सुधारून घेतली. अडकलेले सहा कामगार बाहेर काढता आले नाहीत. पुढच्या सरकारी चौकशीत खाणीच्या आराखड्यावर बोट ठेवले गेले. भूकंपाचा दावा तसाच मान्य झाला असता तर ही जबाबदारी कोणावरच आली नसती.

मग नागपूरच्या त्या तीन धक्क्यांचे काय?

तिथे हीच कसोटी लावणे अवघड आहे. अडीच तीव्रतेच्या धक्क्याचा पहिला झटका स्पष्ट दिसायला यंत्रे जवळ हवीत. एनसीएसचे देशभरात दीडशेहून अधिक स्थानकांचे जाळे आहे, पण ते मोठ्या आणि मध्यम भूकंपांसाठी विणलेले आहे. विदर्भात भूकंप कमी म्हणून स्थानकेही विरळ. तर्क चुकीचा नाही, पण त्याचा परिणाम असा की नैसर्गिक भूकंप कमी आणि खाणी जास्त असलेल्या भागातच लहान धक्क्यांची जागा सर्वांत कच्ची राहते. दुपारची वेळ हा चांगला धागा आहे, कारण खुल्या खाणींत सुरुंग बहुधा ठरलेल्या वेळी, दिवसाच उडवले जातात. पण धागा म्हणजे पुरावा नव्हे.

पालघरमध्ये वेगळे घडले. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. हैदराबादच्या एनजीआरआयने (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) तिथे स्थानिक यंत्रे बसवली. त्यानंतर धक्क्यांच्या जागा आणि खोली कितीतरी नेमकेपणाने कळू लागल्या. विदर्भाच्या कोळसा पट्ट्यालाही हे करता येण्यासारखे आहे. त्यासाठी नवे विज्ञान शोधावे लागणार नाही.

खाणीच्या आत यंत्र बसवले की काय दिसते?

भारतात याची सुरुवात कोळशात नाही, सोन्यात झाली. कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्सच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल होत्या आणि तिथे खडक फुटण्याच्या घटना नेहमीच्या होत्या. त्यातूनच १९८८ मध्ये राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था (एनआयआरएम) उभी राहिली. पुढे याच संस्थेने मध्य प्रदेशातील शहडोलजवळच्या राजेंद्र या लाँगवॉल कोळसा खाणीत सूक्ष्मभूकंपीय निरीक्षण केले. छत कोसळण्याआधी तडतड वाढते का, कुठे वाढते, हे तिथे पाहिले गेले.

खाणीत यंत्रे एकमेकांपासून काहीशे मीटरवर असतात. वेळ मिलिसेकंदात मोजली जाते आणि कोळशालगतच्या वालुकाश्मात एक मिलिसेकंद म्हणजे साधारण तीन मीटर. त्यामुळे कोणत्या पॅनलवर भार वाढतोय हे दाखवता येते. पण कामे सोपी नाहीत. जमिनीखाली जीपीएस पोहोचत नाही, म्हणून सगळी घड्याळे केबलने एकत्र बांधावी लागतात. मिथेन असलेल्या खाणीत ठिणगी पडू न देणारीच उपकरणे चालतात. सगळी यंत्रे एकाच थरात असली की खोली पुन्हा फसते, म्हणून वरून भोके पाडून काही यंत्रे वरच्या खडकात सोडावी लागतात. आणि रोज कोळसा निघतो तशी पोकळी वाढते, लहरी तिला वळसा घालून येतात. गेल्या महिन्याचे गणित या महिन्यात चुकते. त्यासाठी माहीत असलेल्या जागी छोटा सुरुंग उडवून गणित पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

इतके करूनही 'उद्या अकरा वाजता छत पडेल' असे कोणतेही यंत्र सांगत नाही. कधी तडतड वाढते आणि काहीच होत नाही, कधी छत जवळजवळ न बोलता सुटते. यंत्र सांगते ते एवढेच की या भागातून आता माणसे काढा. तेही कमी नाही, पण त्यासाठी उत्पादन थांबवण्याचा अधिकार पाळीवरच्या माणसाला हवा.

बंद खाणींचे काय?

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला १८७० च्या दशकात कोळसा निघू लागला. तेव्हापासूनच्या अनेक पोकळ्या आज वस्त्यांखाली आहेत. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर ६० ते ७० फूट जमिनीत गेले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडल्याने जीव वाचले. परिसरातील कुटुंबांना हलवावे लागले. खाली ब्रिटिशकाळातली भूमिगत खाण होती.

वस्तीत घर गिळणारी घटना म्हणजे भूकंपाच्या भाषेत अगदी क्षुल्लक ऊर्जा. राष्ट्रीय जाळ्याला अशा गोष्टी सहसा दिसत नाहीत. अशा ठिकाणी जुने खाणनकाशे, जमीन किती खचली हे उपग्रहाच्या रडारने मोजणे आणि वस्तीतच बसवलेली चार-सहा भूकंपमापक यंत्रे हाच मार्ग आहे. चालू खाणीसाठी निदान व्यवस्थापक जबाबदार असतो. बंद खाणीत तडतड ऐकायला कोणीच नसते.

नियम काय सांगतो?

सुरुंगाच्या कंपनांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे (डीजीएमएस) १९९७ चे परिपत्रक आहे. कंपनीच्या मालकीची नसलेल्या साध्या वीट-सिमेंटच्या घरांजवळ कंपनाचा वेग, वारंवारता ८ हर्ट्झच्या आत असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यापुढे १५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. मर्यादा स्पष्ट आहे. पण मोजणी सहसा कंपनीच करते किंवा करून घेते आणि गावाला ते आकडे क्वचित दिसतात.

विदर्भाला तज्ज्ञांची कमतरता नाही. वेकोलिचे मुख्यालय, डीजीएमएसचे कार्यालय, कोळसा नियोजन करणाऱ्या सीएमपीडीआयची प्रादेशिक संस्था, धनबादच्या सिंफर या संशोधन संस्थेचे केंद्र हे सगळे एकट्या नागपुरात आहे. कमतरता आहे ती त्यांच्या नोंदी एकमेकांशी आणि लोकांशी जोडण्याची. वेकोलिच्या खाणींतील कंपनमापकांची नोंद एनसीएसच्या जाळ्याला थेट मिळाली, तरी मे २०२४ सारखा वाद एका संध्याकाळीत मिटेल.

हे आत्ताच का महत्त्वाचे? देशाचे कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेले. त्यात भूमिगत खाणींचा वाटा अगदी थोडा आहे. केंद्राला २०३० पर्यंत तो १० कोटी टनांवर न्यायचा आहे आणि त्यासाठी २०२५ मध्ये सवलतीही जाहीर झाल्या. जंगल आणि जमीन वाचते म्हणून चंद्रपूरसारख्या जिल्ह्याला भूमिगत खाण खुल्या खाणीपेक्षा बरी, हे खरेच. पण जास्त खोल, जास्त वेगाने, मोठ्या यंत्रांनी काम म्हणजे छतावर जास्त भार. उत्पादनाच्या सवलतींबरोबर निरीक्षणाची सक्ती आली, तर जंगल वाचवण्याची किंमत कामगाराला मोजावी लागणार नाही.

धक्का जाणवला तर काय करावे?

आधी मोबाइलच्या घड्याळात वेळ पाहा, शक्य झाल्यास सेकंदांसह. आधी आवाज आला की आधी हलले, एकच दणका होता की दोन टप्पे जाणवले, तेही लिहून ठेवा. एनसीएसच्या 'भूकॅम्प' ॲपवर त्या वेळेचा भूकंप दिसतो का ते पाहता येते आणि धक्का जाणवल्याची माहिती केंद्राला कळवताही येते. अँड्रॉइड फोनवरचा भूकंप इशारा २०२३ पासून भारतात सुरू आहे, पण तो साडेचार किंवा त्याहून मोठ्या भूकंपांसाठी. सुरुंगाला तो वाजणार नाही.

खाणीजवळच्या गावात भिंतीला तडा गेला असेल, तर तडेवर तारीख लिहून, शेजारी पट्टी धरून फोटो काढावा आणि काही दिवसांनी पुन्हा काढावा. सुरुंग कोणत्या दिवशी, किती वाजता, किती स्फोटके वापरून उडवला याची नोंद खाणीला ठेवावी लागते. वेकोलि सरकारी कंपनी असल्याने माहिती अधिकार कायद्याखाली ती मागता येते. अर्जात 'मागील सर्व सुरुंगांची माहिती' असे मोघम न लिहिता तारीख, वेळ, गाव आणि खाणीचे नाव लिहावे, आणि त्याच दिवशीच्या कंपनमापकाच्या नोंदीची प्रतही सोबत मागावी.